सही करणाऱ्याचा हात

"एक्स्ट्राव्हॅजेशन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे औषध शिरेत न जाता शिरेबाहेर, मासात गेलं. माह्या उजव्या मनगटावरची कातडी काळी पडली होती. "कातडी बदलावी लागेल. बोटं किती वळतील, ते आज सांगता येत नाही."

मी मंगरूळपीरले पाण्याच्या मोटारी भरतो. जळालेली तार काढायची, तांब्याची नवी गुंडाळायची. बोटं गेली तं मी कामातून गेलो.

वाशिमच्या दवाखान्यात आलो होतो थायरॉईडच्या ऑपरेशनले. ते बेस झालं. दुसऱ्या दिवशी ओठाले आन् बोटाले मुंग्या आल्या. रक्त तपासलं तं कॅल्शियम उतरलेलं. या ऑपरेशननंतर होते कधी कधी असं, घाबरू नोका.

एका नव्या सिस्टरनं कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, लावली. तीनदा टोचलं तवा बसली. कॅल्शियम सुरू झालं आन् हात पेटला.

"सिस्टर, लय जळून राह्यलं."

"थोडं जळतेच काका," म्हणाली, आन् वरून आणखी एक पट्टी लावली.

मी गप बसलो. तुमी बसू नोका. बंद करा म्हणा, वार्ड डोक्यावर घ्या.

कातडी बदलली. एक म्हातारी सिस्टर रोज पट्टी बदले, तिचे उपकार मी इसरणार नाई. पण पडल्या पडल्या डोक्यात एकच, त्या पोट्टीची नोकरी खायची. तक्रार लिहून घेतली आन् तिले बोलावलं.

आली ते फाईल घेऊन. त्यात कॅन्युलाचं सर्टिफिकेट, खाली ट्रेनिंगवाल्या सरांची सही.

"किती जणाले लावली होती, माह्याआधी?"

"एकालेबी नाई काका. रबराचा हात एकच होता. सरांनी एकदा करून दाखवलं. मंग आमी ओळीनं नळी धरून फोटो काढले. फोटो लागला का सर्टिफिकेट भेटते."

आमच्या धंद्यात पयली मोटार जाळल्याबिगर कोणी कारागीर होत नाई. पण ते मोटार असते. माहा राग पोरीवरून उठला आन् त्या सहीवर जाऊन बसला.

दवाखान्याचे मॅनेजर तक्रार मागं घ्या म्हणत होते. म्हणलं, घेतो. पण साऱ्या पोरीयले पुन्हा शिकवा, त्या म्हाताऱ्या सिस्टरसमोर, आन् ज्यानं सही केली त्याच्या हातावर. दर बॅचले. लेखी द्या.

बाजूले उभे ते ट्रेनिंगवाले सर हासले. मॅनेजर हासले नाईत, त्यायनं लेखी दिलं.

सोमवारी मी समोरच खुर्ची टाकून बसलो. पयली तेच पोरगी. शीर चुकली, रक्त आलं, सरांनी तोंड भिंतीकडं केलं.

"इकडं पाहा सर," मी म्हणलं. "सही करतानी नाई पाह्यलं, आता तरी पाहा."

म्हातारी सिस्टर सांगे, नळीत रक्त दिसू दे, आधी साधं सलाईन सोड, कातडी फुगते का पाह्य, मंगच औषध. तिसऱ्या बारीले पोरीची बरोबर बसली. मंग दुसरी आली, मंग तिसरी. मले लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

शेवटी दोन्ही हाताले कापूस दाबत सर माह्यापाशी आले. "झालं ना समाधान, काका?"

मी उजवी मूठ आवळली. दोन बोटं बाहेरच राह्यली.

"हे वळले का मंग सांगतो," मी म्हणलं. "तवरीक पुढची बॅच बोलवा."