पालथं घमेलं
गच्चीवरच्या कुंडीतला कुजलेला पाला उकरला की ओलसर, तुरट वास येतो आणि मला बुलडाण्याच्या घाटातली एक टेकडी आठवते. टेकडीवर सालई, मोहा, धावडा असं मिश्र जंगल होतं आणि पायथ्याला लावलेला साग. वरचं जंगल तोडून तिथंही सागच लावायचं घाटत होतं, म्हणून मी आणि माझे साहेब तपासणीसाठी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. पायथ्याला कंबरभर खणलं तरी माती संपेना. वर मात्र वीतभर काळी, भुसभुशीत माती लागली आणि लगेच मुरूम. त्या वीतभर मातीचं सगळं बळ वरून गळणाऱ्या पाल्याचं होतं. साहेब सावलीतून म्हणाले, "मॅडम, दोन्ही माती एकाच घमेल्यात घ्या न् मिसळा. वावरातली चार जागची मिसळून घेतो तशीच एक पिशवी भरा." मी म्हटलं, "वावर एक असते साहेब, ह्या दोन जमिनी हायेत. मिसळली तं तपासणीत वरची जमीनही सागाजोगी दिसन, झाडं तुटतीन, न् मंग पाला नाही न् मातीही नाही." "सांगतलं तेवढं करा ना. काऊन वाद घालून राह्यल्या?" मी घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसले. ऊन डोक्यावर आलं, खालून जीपचा हॉर्न वाजत राहिला, पण मी उठले नाही. शेवटी तपासणीला पिशव्या दोन गेल्या. आजही कोणी मला दोन वेगळ्या गोष्टी एकत्र ढवळायला सांगितल्या, की मी आधी बसायला काहीतरी पालथं शोधते.