कॉल ऑफ

नरडाण्याच्या कारखान्यात मी नवा सुपरवायझर होतो. सुटीच्या दिवशी साहेबांचा मेसेज आला, ‘कॉल ऑफ द मीटिंग.’ कॉल म्हणजे बोलावणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सगळ्या कामगारांना फोन करून बोलावलं. सगळ्यात जुने आबा तर धरणगावहून पुतणीची हळद सोडून आले. तासाभराने सगळे आलेले पाहून ते म्हणाले, “भाऊ, बठ्ठा उनात, साहेब कोठे शे?”

मी साहेबांना फोन लावला. ते ओरडले, “अरे, मीटिंग रद्द कर म्हटलं होतं!”

आबा परत धरणगावला निघाले. मला संताप आवरेना. ‘कॉल’ येत होतं, ‘ऑफ’ही येत होतं. दोन्ही शेजारी बसले की तिसराच अर्थ होतो, हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.