गड्याले नाव नसते

"आमच्या बाबूचं नाव अन् गड्याचं नाव एकच? नाई चालत," मालकीणबाई म्हणाल्या. "याले आजपासून दगड्या म्हणा."

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पाडवा. वर्षाच्या बोलीवर सालदार ठेवायचा दिवस. मी पंधरा वर्षांचा, सातवीतून सुटलेला, आंजी गावात मालकाच्या ओसरीखाली बापाच्या मागं उभा. बाप "हो जी" म्हणाला. माझं नाव तिथंच गेलं. बाबू म्हणजे मालकाचा पोरगा, माझ्याच वर्गातला. ओसरीवर बसून हासत होता.

मालकानं ठेवलेलं नावच गावात चालते. विहिरीवर, चक्कीवर सगळे दगड्या म्हणू लागले. मग घरी भाऊ. मग माय. माय म्हणाली तवा आतलं काही तुटलं.

मी बोलणं सोडलं. घास उतरत नव्हता. वावरात एकटा असलो की माझं खरं नाव मोठ्यानं घेऊन पाहायचो. वाटायचं, दुसऱ्याच कोणाले बोलावून राह्यलो. एक दिवस विहिरीवर वाकून उभा होतो. पाणी पाहाले नाई.

लोक म्हणाले, "पोराले बाहेरचं लागलं." भगतानं लिंबू उतरवला. आता पोरांच्या मनाचे डॉक्टर असतात म्हणे. आमच्या टायमाले लिंबू होता. मले भूत लागलंच नव्हतं. मालक लागला होता.

पोळ्याले बैल सजवून मालकाच्या दारी नेले. मालकिणीनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. "खा रे माझ्या चांद्या." चांद्या बाजारातून आणलेला बैल. पण त्याचं पहिलंच नाव ठेवलं होतं. नाव बदललं तर बैल हाक ऐकत नाई म्हणे.

मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "अन् दगड्या, तू गोठ्यापाशी बस. पत्रावळ येते."

मी हाललो नाई.

"बहिरा झाला काय बे?" बाबू म्हणाला.

मी म्हणालो, "दगड्या कोण? मी नाई वळखत त्याले."

"आला मोठा नाववाला!" मालकीण म्हणाल्या. "नाव खाशीन काय रे?"

"उपाशी राहीन."

दावं तिथंच टाकलं अन् निघालो. साल मोडलं. साल मोडलेल्या गड्याले गावात कोणी ठेवत नाई. बापानं मारलं. मी नालवाडीकडं आलो, भट्टीवर विटा वाहिल्या. मुकादमानं नाव विचारलं, मी खरं सांगितलं. बस. त्या रात्री भाकर घशाखाली गेली.

बायको तिथंच भेटली. तीही विटा वाहे. तवा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर नवरा लवकर मरते म्हणत. मी तिले सगळं सांगितलं होतं. ती चारचौघांत, गल्लीभर ऐकू जाईल असं माझं नाव घेये. जन्मभर घेतलं. मी मेलो नाई. तीच गेली, यंदाच्या उन्हाळ्यात. घर मुकं झालं.

आंजीतले म्हातारे अजून मले दगड्याच म्हणतात. मायेनं म्हणतो म्हणतात. मी वळून पाहत नाई. पोराले सांगून ठेवलं, मी मेल्यावर त्या नावानं कोणी रडाले आलं, तर दारातूनच हाकलून देजो.