रंगारीकाकांची दोन पत्रं

लढाई संपली तेव्हा आमच्या शेजारचे रंगारीकाका सीमेजवळच्या एका रिकाम्या शाळेत, बाकावर बसून बूट पुसत होते. लढाई संपल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. सहज मान वर केली, तर सगळे जवान मैदानात पळत होते, तोंडं उघडी, हात वर. हल्ला झाला असं समजून काका बंदुकीसकट बाकाखाली शिरले. त्यांच्या तुकडीतल्या लंबूने त्यांना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि वर्गातल्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘संपलं. आता घरी.’

हे मला काकांनीच सांगितलं. माझ्याबरोबर अख्ख्या गल्लीनेही ऐकलं, कारण स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे काका कुजबुजले तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानात पोचायचं. त्यांच्या घरात गुपित म्हणून काही उरलंच नव्हतं.

लढाईआधी ते घरं रंगवायचे. सैन्यात भरती झाले, धडधाकट होते, वर्षभर त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. मग एका पुलाजवळ शेजारीच गोळा फुटला. अंगावर ओरखडा नाही, पण दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, ‘येईल कदाचित. सांगता येत नाही.’ तेव्हापासून काकांना मागे, स्वयंपाकाच्या कामाला ठेवलं होतं. घरी त्यांनी यातलं एक अक्षर कळवलं नव्हतं.

त्या दिवशी जो तो घरी पत्र लिहायला बसला. काकांनीही लिहिलं: ‘लढाई संपली. मी सुखरूप आहे. हातपाय शाबूत आहेत. लवकरच येतो.’

लंबूने ते वाचलं आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं.

“हातपाय शाबूत आहेत असंच लिहिलंय,” काका म्हणाले. “त्यात खोटं काय?”

लंबूने खांदे उडवले. पत्र टपालात पडलं.

पण काकांना जेवण जाईना. काकूंच्या तोंडाला कधी खीळ नसायची. काका कामावरून आले, की दारापासून ताटापर्यंत त्यांची बडबड चालायची आणि काका मधूनमधून ‘हं’ म्हणत जेवायचे. आता त्यांच्या डोळ्यांपुढे स्टेशन यायला लागलं. गर्दीत काकू मागून हाका मारतायत आणि आपण सरळ पुढे चाललोय. लोक बघतायत. शेवटी त्यांनी दुसरा कागद घेतला.

‘एक सांगायचं राहिलं. मला ऐकू येत नाही. अजिबात नाही. तू हाक मारलीस आणि मी वळलो नाही, तर राग मानू नकोस. पूर्वी तू बोलायचीस आणि मी नुसतं हं हं करायचो. आता ऐकावंसं वाटतं, तर सोय राहिली नाही. तुला हे जड वाटत असेल तर स्पष्ट लिही. लंबू म्हणतो, त्याच्या गावी मला काम मिळेल.’

त्या गडबडीत टपालाचा काही धरबंद नव्हता. दुसरं पत्र आधी पोचलं. काकू ते घेऊन आमच्याकडे आल्या आणि आईसमोर नुसत्या बसून राहिल्या. आई सांगते, काकूंना गप्प बसलेलं तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर काही दिवसांनी पहिलं पत्र आलं. मी सुखरूप आहे, हातपाय शाबूत आहेत. काकूंना वाटलं, कान बरे झाले. त्या धावत आमच्या दारापर्यंत आल्या, आणि तिथे त्यांची नजर तारखेवर गेली.

“बाकी सगळं मी विसरले,” काकू म्हणायच्या, “पण त्या धावण्याचं काही मी यांना माफ केलं नाही.”

त्यांनी उत्तर पाठवलं ते एका ओळीचं: ‘या. बाकीचं घरी बघू.’ ते वाचून काकांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. इतकी बोलणारी बाई एवढंच लिहिते, म्हणजे प्रकरण गंभीर. खरं तर काकूंनी आधी पानंच्या पानं लिहिली होती. मग हे सगळं समोरासमोर भांडायचं आहे, कागदावर कशाला वाया घालवा, म्हणून फाडून टाकली.

स्टेशनवर काकूंनी हाक मारली नाही. फलाटावरची माणसं बाजूला सारत त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचे महिने मात्र कठीण गेले. काकू बोलायच्या आणि काका प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे. दुकानदाराला हो, गिऱ्हाइकाला हो, बायकोला हो. गिऱ्हाइकाने पिवळा सांगितलेली खोली त्यांनी हिरवी रंगवली. एकदा काकू ताट वाढता वाढता म्हणाल्या, “मी आज घर विकलं.” काकांनी हसून मान डोलावली. काकूंनी पळी खाली ठेवली, खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं, ‘मी काय म्हणाले?’

काकांनी भिंतीवरचं वाचलं. मग म्हणाले, “कळलं नाही.” आणि ताटावरच रडायला लागले. “कुणाचंच काही कळत नाही गं. लाज वाटते विचारायला.”

“मग मला विचारायचं,” काकू त्यांची हनुवटी धरून, सावकाश म्हणाल्या. “माझ्यापाशी कसली लाज?”

हे त्यांना ओठांवरून कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

त्यानंतर गिऱ्हाइकांशी रंग आणि भाव काकू ठरवायच्या, ब्रश काका चालवायचे. कान काही परत आले नाहीत. ओठ वाचायला मात्र ते असे शिकले, की रस्त्यापलीकडच्या दोघी काय बोलतायत ते काकूंना सांगायचे, आणि काकूंना ते हवंच असायचं.

भांडणं व्हायचीच. आपली बाजू पडती दिसली, की काका डोळे मिटून घ्यायचे. काकू तिथेच स्टूल ओढून बसायच्या. कधीतरी उघडावेच लागायचे.