नळीतलं शिसं

पिशोरकडची ती केस मी अजूनही विसरलो नाही. आमच्या पोलीस खात्यातला माणूस सहसा थक्क होत नाही. त्या दिवशी मी झालो.

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. मक्याच्या शेतात एका मजुराला गोळी लागली आणि तो जागीच गेला. खबऱ्याने कळवलं की शेजारच्या रानात मेंढ्या बसवलेल्या धनगराचं त्याच्याशी चराईवरून वाजलं होतं. धनगराला कोठडीत घातलं. बंदूक काही सापडली नाही. "साहेब, मला काठी ठावी. बंदूक कशी धरत्यात ते बी ठावं नाय," एवढंच तो सांगत राहिला.

रिवाजाप्रमाणे गावातल्या परवान्याच्या बंदुका तपासल्या. एकच निघाली, रानडुकरांसाठी घेतलेली जुनी ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. मूळ मालक वारला होता. परवाना मुलाच्या नावावर होता. "कित्येक वर्षांत झाडली नाय, नुसती पुजतो," तो म्हणाला. मी नळीत टॉर्च मारला. आत शिशाचे चंदेरी पट्टे चिकटलेले होते. तो अडखळला नाही. "वडील घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतायचे. तवाचा थर असंल."

ते पटण्यासारखं होतं. घरी ओतलेल्या मऊ शिशाची गोळी नळीला घासून जाते आणि थर धरतो. तो कधीचा, हे सांगणं अवघड. मजुराच्या अंगातली गोळीही हाडावर चेपून गेली होती, ताडून बघण्याजोगी राहिली नव्हती.

त्या मुलाची आई उंबऱ्यात गहू निवडत होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुमचे मालक गोळ्या ओतायचे का?"

"व्हय, चुलीवरच. पण नळीला शिसं कधी धरू दिलं नाय त्यांनी. गोळीला चरबीचं फडकं गुंडाळून ठासायचे. ते गेल्यापासून खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिशी, नळी मीच साफ करते. बॅटरी मारून बघते, आत आरशावाणी दिसंस्तोवर."

"आई, तू आत जा," मुलगा म्हणाला.

त्याच्या आवाजावरून तिला सगळं कळलं. मलाही कळलं: खंडेनवमीला साफ झालेल्या नळीत शिसं, म्हणजे बंदूक या आठवड्यातच झाडलेली. हा तिचा एकुलता एक. कसा कोण जाणे, माझाच जीव कळवळला. "मावशी, नीट आठवा. वय झालंय, यंदा साफ करायची राहिली असेल," मी म्हणालो.

तिने मुलाकडे पाहिलं. 

"राहिली असती तर लई बरं झालं असतं, साहेब. पण नाय राहिली."

  "डुक्कर समजून झाडली, आई," मुलगा म्हणाला, तेही मला नाही, तिला. घाईत त्याने गोळी फडक्याशिवाय तशीच ठासली होती. नंतर दारूची काजळी धुतली, पण शिसं पाण्याने निघालं नाही.

साक्षीदार बोलतो त्यात त्याचा फायदा काय, हे आधी बघायचं, असं मला वरिष्ठांनी शिकवलं होतं. ते माप त्यानंतर मी डोळे झाकून कुणालाच लावलं नाही. जबाबावर अंगठा उठवून झाल्यावर पदराला शाई पुसत तिने एवढंच विचारलं, "त्या धनगराला आजच सोडाल ना?"

कोठडीचं कुलूप मी स्वतः जाऊन काढलं.