बकलातली काच

बाळाराम मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी गाडीवाल्याला चार माणसांत उभं करून एकच प्रश्न विचारायचे, "काय केलास?" समोरचा म्हणायचा, काहीच नाही. मग मिस्त्री चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असे हसायचे. "वायर खोटं बोलत नाय रे. मानूस बोलतो." आणि अर्ध्या तासात ते त्याला खोटा ठरवूनच गाडी परत द्यायचे.

मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची गाड्यांच्या वायरिंगची शेड होती आणि तिला लागून माझं पत्र्याचं काम. अकरा वर्षं आम्ही शेजारी होतो. मला ते कधी नावाने हाक मारत नसत, "पत्र्या" म्हणायचे. एकदा दरवाजा जोडताना माझ्या हातून एक वायर जळली आणि मी गप्प बसलो. त्यांनी ती शोधून काढली, माझ्याच शेडच्या खिळ्याला टांगली आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही दाखवली. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

पण कामात माणूस अफाट होता. दोन वायरी जोडलेला एक बारका बल्ब, एवढंच त्यांचं हत्यार. तेवढ्यावर ते असा फॉल्ट काढायचे की कल्याणचे मिस्त्री कोड्यात पडत.

त्यांची बायको, सुमनवहिनी, रोज एक वाजता जेवणाचा डबा आणायची. मिस्त्रींनी मान वर न करता डबा घ्यायचा आणि उघडण्याआधीच म्हणायचं, "मीठ नसंलच." एवढंच त्यांचं दुपारचं बोलणं. त्या वर्षी वहिनी पोट धरून चालायला लागली. तिने दुखतंय म्हणून सांगितलं तर माझ्यासमोरच म्हणाले, "तुझ्या पोटात वायरी नाय, नायतर बघितला असता."

शेवटी तिच्या जावयाने, प्रकाशने, मनावर घेतलं. तो शहापूरला भाड्याने गाडी चालवायचा. दर मंगळवारी लेकीकडे जाते असं घरी सांगून वहिनी त्याच्या गाडीतून कल्याणच्या दवाखान्यात जायला लागली. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी उपचाराला सहा खेपा सांगितल्या होत्या. पहिल्याच मंगळवारी एसटी स्टँडच्या मागे तिला त्या गाडीत बसताना मी पाहिलं. तिने हात जोडले. "भाऊ, ह्यांना नका सांगू. आख्ख्या बाजारात माझ्या पोटाचा तमाशा करतील." मी शब्द दिला.

दोन खेपा झाल्या आणि प्रकाश गाडी घेऊन शेडवर आला. सीटचा पट्टा लावला तरी समोरचा पट्ट्याचा लाल दिवा विझत नव्हता. सासऱ्यांनी सवयीने विचारलं, "काय केलास?" तो म्हणाला, "काय नाय, मामा."

आमच्याकडचे ड्रायव्हर पट्टा पाठीमागून घेऊन बकलात अडकवून ठेवत आणि त्यावर बसत, म्हणजे दिवा गप्प. त्याच ओढाताणीत यानेही काहीतरी बिघडवलं, असा मिस्त्रींना संशय होता. त्यांनी सीटखालचा जोड सोडवला, तसा दिवा विझला. "वायर सरळ हाय. गडबड बकलात." बकल खोललं. आतल्या स्विचच्या खाचेत हिरव्या बांगडीचा तुकडा अडकला होता, सोनेरी ठिपक्याचा. पट्टा लागत होता, पण ते स्विचला कळतच नव्हतं.

बकल दोन सीटच्या मधे असतं. शेजारी बसलेल्या बाईचा उजवा हात तिथेच येतो. मिस्त्रींनी तो तुकडा उन्हात धरला.

"माजी पोर कंपनीत पॅकिंगला. तिथं काच चालत नाय. मंग ही कोनाची रे?"

टपरीवरची माणसं उठून आली. वहिनीने प्रकाशलाही शब्दात अडकवलं होतं; त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला परत येताना कळ आली तेव्हा वहिनीने सीट घट्ट धरली होती आणि बांगडी फुटली होती, हे मला नंतर कळलं. पण तुकडा कोणाचा ते मी त्या क्षणीच ओळखलं. म्हसा गावच्या जत्रेत भरलेल्या त्या बांगड्या रोज एक वाजता माझ्यासमोरून जात होत्या.

मी पत्रा ठोकत राहिलो. शब्द दिला होता हे खरं. पण त्याहून खरं हे की मिस्त्रींना एकदा तरी सपशेल चुकताना मला पाहायचं होतं. आतून मला गुदगुल्या होत होत्या.

मिस्त्रींनी जावयाला हाकललं. तुकडा पुरावा म्हणून स्क्रूच्या डब्यात ठेवला. घरी बायकोला बजावलं, "शहापूरला पाय टाकलास तं या घरात येयाचा नाय." लेक रंजना सगळं सांगायला निघाली होती, पण आईने तिला गळ्याची शपथ घातली. राहिलेल्या चार खेपा झाल्या नाहीत. डबा मात्र रोज एक वाजता येत होता. आणि मी अजूनही गप्प होतो.

भाताची कापणी सुरू झाली तेव्हा वहिनी गेली. अंगणात माणसं जमली होती. मिस्त्री प्रत्येकाला विचारत होते, "परवापरयंत डबा आनीत होती. काय झाला तिला?"

रंजना आईच्या उशाशी बसली होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमचा स्क्रूचा डबा आना, बाबा. त्यातला तुकडा आयच्या उजव्या हाताला लावून बघा."

ते खरोखर शेडवर गेले, डबा घेऊन आले. खाली बसून त्यांनी तो तुकडा बायकोच्या मनगटाशी धरला. तोच हिरवा, तेच सोनेरी ठिपके. अठ्ठावीस वर्षं त्याच हातातून त्यांनी डबा घेतला होता.

तेराव्यानंतर ते माझ्या शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"पत्र्या, तुला ठाव होता?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणालो, "नाय."

खोटं पकडण्यात त्यांचा हात धरणारा दोन्ही तालुक्यांत कोणी नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि आपल्या शेडमध्ये निघून गेले.