फुग्याची जागा

ईराचा वाढदिवस होऊन चार दिवस झाले. हेलियमचा एक चंदेरी फुगा अजून छताला टेकून आहे, पंख्याच्या अगदी शेजारी. म्हणून चार दिवस पंखा बंद. ऑफिसातून घामेजून यावं, बटणाकडे हात न्यावा, की ही सहा वर्षांची मुलगी ओरडते, "आई, फुगा अडकेल!"

हेलियमला रंग नाही, वास नाही, वजनाचं तर नावच नको. तरी त्याने खोलीतली आपली जागा धरली आहे आणि आम्ही नवरा-बायको त्याला जपून वावरतो. माझा शीणही असाच. दिसत नाही, कुणाला दाखवता येत नाही. पण हल्ली दार उघडलं की माझ्याआधी तोच घरात शिरतो आणि मग मला जागा उरत नाही. त्याच्यासाठी मात्र कुणी काही बंद ठेवत नाही.

आज फुगा सुरकुतला आणि हळूहळू खाली येत सोफ्यावर माझ्याशेजारी टेकला. सुटले एकदाची, म्हणून मी पंखा लावायला उठणार, तोच ईरा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, तो दमलाय गं. बसू दे ना त्याला."

मी उठले नाही. जराशी सरकले आणि त्याला जागा करून दिली.